तांड्याचा डफ, गावाचे टाळ

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ मलकापूर, नांदुरा, शेगाव असे घाटाखालच्या काळ्या मातीतून पुढे सरकले आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचले. तीन वर्षांनी जलंबपासून खामगावपर्यंत फाटा निघाला, तो कापसासाठी. या रुळांनी आजच्या बुलढाणा जिल्ह्यात दोन तऱ्हेची माणसं आणली. एक आली गाडीत बसून. मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापाऱ्यांनी खामगाव-मलकापूरच्या बाजारात पेढ्या उघडल्या. दुसऱ्यांना इथं थांबावं लागलं, कारण गाडीनं त्यांच्या पोटावर पाय आणला. शेकडो वर्षं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्याच्या गोणी लादून, मोगल फौजांना रसद पुरवत उत्तर-दक्षिण फिरलेल्या बंजाऱ्यांची लदेणी संपली. त्यांचे तांडे माळावर, डोंगरउतारावर, पाणी जवळ पण गाव जरा लांब अशा जागा धरून कायमचे बसू लागले. व्यापाऱ्यांना बाजाराच्या मधोमध जागा मिळाली आणि बंजाऱ्यांना शिवेवर. होळी आली की दोघांच्याही हातात डफ येत होता.

या दोन डफांचं पुढं काय झालं, हा या लेखनाचा विषय आहे. बाहेरून आलेल्या माणसांचं गाणं-वाजवणं आणि आधीपासूनच्या माणसांचं गाणं-वाजवणं एकत्र येतं तेव्हा त्या माणसांचं आपसांतलं नातं बदलतं का, किती बदलतं आणि कुठं अडतं, असा तो प्रश्न. हल्ली तो युरोपातल्या शहरांच्या संदर्भात विचारला जातो. नॉर्वेत ओस्लोच्या प्राथमिक शाळांमध्ये १९८९ ते १९९२ या काळात एक प्रयोग झाला. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या लोकांचं संगीत त्याच समाजांतले कलावंत शाळेत येऊन मुलांना ऐकवत, शिकवत. संगीतशास्त्रज्ञ शेल स्किलस्टाड यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि अशा शाळांत वेगवेगळ्या वंशांच्या मुलांमधला ताण कमी झाल्याचं नोंदवलं. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले ख्रिस्तोफर स्मॉल यांनी १९९८ च्या आपल्या पुस्तकात मांडलं की संगीत ही वस्तू नाही, ती कृती आहे; गाणारा, वाजवणारा, ऐकणारा, नाचणारा, सतरंजी अंथरणारा असे सगळे मिळून ती करतात, आणि ती करताना एकमेकांशी कसं नातं असावं हेही करून पाहतात. सप्ताहाच्या मांडवात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तरीही हे कुणीतरी स्पष्ट मांडलं याचा उपयोग आहे, कारण त्यामुळे गाण्याचे शब्द टिपून थांबायची आपली सवय मोडते. कोण कुठं उभं होतं, वाद्य कुणाच्या हातात होतं, सुरुवात कुणी केली आणि थांबवलं कुणी, हेही पाहावं लागतं.

बुलढाणा जिल्हा या दृष्टीनं फार समृद्ध आहे आणि फार थोडा पाहिला गेला आहे. इथली माणसं जिल्ह्याचे दोन भाग मानतात: घाटावर आणि घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे वरचे. खाली पूर्णेच्या खोऱ्यातले मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. आणि पूर्णेच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेले जळगाव जामोद आणि संग्रामपूर. वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा आणि मध्य प्रदेश यांच्या सीमा या एका जिल्ह्याला लागतात. लोक या वाटेनं आलेच. तांड्यांची वस्ती घाटावर जास्त, पेढ्यांची घाटाखाली, आणि सातपुड्यात कोरकू, निहाल, भिल्ल, बारेला, पावरा. फाळणीनंतर सिंधी आले. आता बांधकामावर बिहार-उत्तर प्रदेशचे मजूर दिसतात, कापूस वेचणीला सातपुड्यापलीकडून बारेला कुटुंबं येतात.

सगळ्यांबद्दल सारखंच लिहिणं मला जमणार नाही आणि ते योग्यही नाही. माझा भर तांड्यावर आहे. दीडशे वर्षं शेजार असूनही गावाला ज्याचं गाणं सर्वांत कमी ठाऊक आहे, ती वस्ती तांड्याची आहे.

तांड्याचं संगीत म्हटलं की लोकांना आरशांची फेटिया-काचळी घालून स्टेजवर नाचणाऱ्या मुली आठवतात. स्नेहसंमेलनात, प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात ते नृत्य असतंच. खरं संगीत वर्षाच्या चक्रात गुंफलेलं आहे आणि त्याचा कळस होळीला. फाल्गुन लागला की लेंगी सुरू होते. पुरुष डफ घेऊन गोलात उभे राहतात, एक जण ओळ फेकतो, बाकीचे झेलतात, पावलं एकत्र पडतात, गोल हळूहळू फिरत राहतो. स्त्रियांची लेंगी निराळी. बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांची थोरवी, राधा-कृष्ण, दीर-भावजयीची थट्टा, आणि आता शिक्षण, दारू, निवडणूक असं काहीही लेंगीत येतं. पुष्कळ तांड्यांवर होळी पौर्णिमेच्या रात्री न पेटवता दुसऱ्या दिवशी पहाटे पेटवतात. ज्या घरात वर्षभरात मुलगा जन्मला तिथं धुंडचा विधी होतो, गेरिया म्हणजे होळीचे मानकरी तरुण येतात, आणि त्या बाळाला तांड्याचा मानण्याचा हा सोहळा गाण्याशिवाय पूर्ण होत नाही.

श्रावणात तीज. लग्न न झालेल्या मुली टोपल्यांमध्ये गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गातात, आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास ते हिरवे अंकुर नाचत नेऊन विसर्जित करतात. लग्नात ढावलो आणि हवेली ही गाणी. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या मुलीनं एकेका नातेवाइकाच्या गळ्यात पडून सुरात केलेलं रडणं. ते आपोआप येत नाही, वडीलधाऱ्या बायका मुलीला ते शिकवतात. कुठल्या नातलगापाशी कोणती ओळ, सूर कुठं चढवायचा, श्वास कुठं तोडायचा, याची शिस्त आहे. आजच्या मुलींना ढावलो येत नाही, ही तांड्यावरच्या म्हाताऱ्यांची तक्रार खरी आहे आणि तिच्यामागं चांगली कारणंही आहेत: मुली शिकतात, लग्नं उशिरा होतात, माहेर फोनवर असतं. तरीही एक अवघड कला जाते आहे याचं दुःख करायला हवं. संध्याकाळी भजन असतं, त्यात नगारा, झांजा आणि काशाची थाळी. थाळीवर काठीचा ठोका पडला की तो आवाज माळावर फार लांब जातो. गावातल्या माणसानं तो जन्मभर ऐकलेला असतो. त्या ठोक्याबरोबर काय गातात हे बहुतेकांनी कधी विचारलेलं नसतं.

आता गावाची बाजू. वऱ्हाडी गावाचं गाणंही कमी नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, खिरापत ओळखायचा खेळ रंगतो. पोळ्याला बैल तोरणाखाली आले की झडत्यांची जुगलबंदी होते आणि त्यात सावकारापासून सरकारपर्यंत कुणी सुटत नाही. दंडार, भारूड, गोंधळ, डहाक्याची गाणी आहेत. पण बाहेरच्याला आत घ्यायची खरी ताकद यांपैकी एकाच गोष्टीत आहे असं मला वाटतं, ती म्हणजे सप्ताह.

अखंड हरिनाम सप्ताह हे गावाचं सर्वांत मोठं सामूहिक संगीत. काकडा, पारायण, हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही म्हणून पहारे. इथं टाळ ही विलक्षण गोष्ट आहे. टाळ हातात घ्यायला परीक्षा नाही. मागच्या ओळीत उभं राहायचं, पुढच्याच्या मनगटाकडं पाहायचं, दोन संध्याकाळींत हात बसतो. हरिपाठाची पावली तर पायांनीच शिकायची असते. ज्याला भाषा येत नाही त्यालाही नाम येतं. शेगाव याच जिल्ह्यात आहे. २३ फेब्रुवारी १८७८ ला गजानन महाराज तिथं प्रथम दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० ला त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागं उभ्या राहिलेल्या भक्तीच्या लाटेनं वऱ्हाडभर वारकरी भजनाला नवं बळ दिलं. ती लाट तांड्यापर्यंतही गेली. आज अनेक तांड्यांवर सप्ताह बसतो, गजानन विजय ग्रंथाचं पारायण होतं, तांड्यावरची पोरं टाळ घेऊन दिंडीत चालतात.

हे मिलन खरं आहे. त्याला कमी लेखणाऱ्यांशी माझं पटत नाही. पहाटे चार ते सहाचा पहारा दोघांनी मिळून दिला, एकानं वीणा धरली आणि दुसऱ्यानं टाळ, तर त्या दोघांमध्ये दिवसभरात काहीतरी वेगळं राहतंच. शेताच्या बांधावरून भांडण झालं तरी संध्याकाळी एका ओळीत उभं राहायचं आहे हे दोघांना माहीत असतं.

पण या मिलनाच्या पायऱ्या मोजायला हव्यात. सप्ताहात टाळकरी असतो, त्याच्यावर चाल म्हणणारा, मग मृदंग वाजवणारा, मग वीणेकरी, मग कीर्तनकार. शेवटी काल्याच्या कीर्तनाचा मान, पंगतीतली जागा, आणि सप्ताह समितीत नाव. बाहेरून आलेला माणूस पहिल्या पायरीवर सहज पोचतो. पुढं कुठल्या पायरीवर तो थांबतो, हे पाहिलं की त्या गावानं त्याला किती आत घेतलं ते कळतं. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून कीर्तनाचं शिक्षण घराण्याबाहेर गेलं. तांड्यावरचा मुलगा तिथं शिकून महाराज होऊन आला की गाव त्याच्या पायाही पडतं. त्याच गावात त्याच्या बहिणीच्या ढावलोला मात्र कुणी संगीत म्हणत नाही.

या ठिकाणी चोखोबांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. देऊळगावराजा तालुक्यातलं मेहुणाराजा हे संत चोखामेळ्यांचं जन्मस्थान मानलं जातं, म्हणजे ते याच मातीतले. ते मंगळवेढ्याला राहिले, १३३८ मध्ये तिथल्या गावकुसाची भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी पंढरपूरला विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर आहे, दाराबाहेर. त्यांचे अभंग मात्र शतकानुशतकं आत गायले गेले. जे गाणं देवापर्यंत पोचलं, त्याच्या गाणाऱ्याला उंबरा ओलांडता आला नाही. मराठी समाजात संगीतानं माणसं जोडली जातात असं कुणी सरळसोट म्हणू लागलं की मला ही समाधी दिसते. अस्पृश्यतेची गोष्ट आणि स्थलांतरिताची गोष्ट एक नाहीत, त्यांची सरमिसळ करणं अन्यायाचं होईल. तरी गाणं स्वीकारायचं आणि गाणाऱ्याला बाहेर ठेवायचं, ही आपली जुनी सवय दोन्हीकडं काम करते. जी वाद्यं लग्नाला शुभ, ती वाजवणाऱ्यांची पंगत वेगळी, हे आपल्या कितीतरी गावांत आजच्या म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तांड्याच्या बाबतीत सवय उलट्या बाजूनं दिसते. गाणाऱ्याला घेतलं, पण त्यानं आपलं गाणं दाराबाहेर ठेवून यावं अशा बेतानं. तांडा मराठी हरिपाठ शिकला, गाव एक लेंगी शिकलं नाही. तांड्यावरची बाई भुलाबाईच्या गाण्यांत मिसळेल, गावातली बाई तीजेला सहसा गेलेली नसते. गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. तिची स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नडमध्ये. त्यामुळे तांड्याचं गाणं छापून शेजारी पोचणं हेच अवघड होतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं भटक्यांच्या नावाला जो डाग लावला, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावरही गावाच्या नजरेतून लगेच गेला नाही. राजकारणानं वाट लवकर मोकळी केली. यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुली तांड्यावर जन्मलेले वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते, इतका दीर्घ काळ ते पद दुसऱ्या कुणी भूषवलेलं नाही. विधानसभेत तांड्याला मिळालेली जागा गावच्या ओट्यावर मिळायला मात्र उशीर लागला, आणि संगीताच्या बाबतीत ती अजून अर्धीच मिळाली आहे.

मारवाड्यांच्या डफाचं असं झालं नाही. खामगाव, मलकापूर, शेगाव इथल्या पेठांमध्ये गणगौर, होळीचे चंग म्हणजे मारवाडी डफ, गुजराती गरबा हे बाजाररस्त्यावर, सगळ्यांसमोर झाले. गरबा तर आता प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी नवरात्रात मराठी पोरी खेळतात, आणि तो कुणाचा हे विचारतही नाहीत. याचं कारण संगीतात शोधून सापडणार नाही. ते तिजोरीत आहे. ज्याच्याकडं बाजार असतो त्याचा सण गावाचा सण होतो. हे लिहिताना मला व्यापाऱ्यांना बोल लावायचा नाही, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांत त्यांनी पैसा घातला हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुद्दा इतकाच की सूर कितीही गोड असला तरी तो कुठल्या रस्त्यावरून जातो हे पैसा ठरवतो. या विषयावर लिहिणाऱ्यानं हा हिशेब सोडला तर त्याचं लेखन पोकळ होतं.

एका जागी हा हिशेब काही दिवस बाजूला पडतो. बुलढाण्याजवळ पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथं यात्रा भरते, नारळांची मोठी होळी पेटते, पुढं संदल निघतो. हिंदू, मुसलमान, बौद्ध, आदिवासी, तांड्यावरची माणसं, शेजारच्या राज्यांतली माणसं, मनाच्या आजारानं गांजलेले आणि त्यांना घेऊन आलेले नातलग. कव्वाली एका बाजूला, भजन दुसऱ्या बाजूला, मध्ये डफ. तिथं कुणी कुणाला कुठून आला म्हणून अडवत नाही, कारण सगळेच बाहेरून आलेले असतात. मला यात्रेचं मोल वाटतं, पण तिच्यावर फार भार टाकू नये. यात्रेतला मोकळेपणा यात्रा उठली की उठतो. शेजाऱ्याशी जुळवून घेण्याचं खरं काम रोजच्या गावात, वर्षानुवर्षं, कंटाळा येईल इतक्या वेळा एकत्र गाण्यानंच होतं.

कव्वालीचा उल्लेख आला म्हणून एक आडवाट. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत भीमगीतं उभी राहिली, आणि त्यांनी भजनाच्या चालींबरोबर कव्वालीचा बाजही उचलला: पेटी, ढोलक, टाळ्या, दोन पार्ट्यांचा मुकाबला. वामनदादा कर्डकांची गाणी या वाटेनं खेडोपाडी पोचली. प्रल्हाद शिंद्यांसारखा गायक विठ्ठलाचं गाणं, कव्वाली आणि भीमगीत एकाच गळ्यानं गायला आणि तिन्हीकडचे श्रोते त्याला आपला म्हणत राहिले. हे मिश्रण कुठल्या योजनेतून झालं नाही. त्या माणसांना जे गाणं मोठ्यानं, मानेनं, समोरासमोर म्हणायचं होतं, त्याला तो बाज योग्य वाटला म्हणून त्यांनी घेतला. गरजेतून घेतलेलं टिकतं.

सातपुड्यात प्रश्न वेगळाच होऊन बसतो. जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारी माणसं आहेत. ही भाषा जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी नातं सिद्ध न झालेली. एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, आशा मुंडले यांनी १९९६ मध्ये तिचा शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. ती बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास. मुंडा कुळातली कोरकू, इंडो-आर्यन मराठी-हिंदी, या सगळ्यांच्या आधीचं काहीतरी त्या भाषेत उरलं असावं असं अभ्यासकांना वाटतं. आणि या माणसांनी कोरकूंच्या सोबतीनं राहताना कोरकूची भाषाही उचलली, मराठीही उचलली. मग इथं आलेला कोण आणि आधीचा कोण? सगळ्यांत जुने तेच, आणि सगळ्यांशी जुळवून घ्यायचं ओझंही त्यांच्याच डोक्यावर. भिंगारा, चाळीसटापरी या भागात बारेला-पावरांचे ढोल होळीला वाजतात. अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या, गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणातल्या महाराष्ट्राच्या खंडात इथल्या भाषांची नोंद झाली. गाण्यांची तशी नोंद व्हायची आहे, आणि निहालीच्या बाबतीत त्या कामासाठी थांबायला आता वेळ नाही.

आणि तांड्यावरची माणसं पुन्हा स्थलांतरित झाली आहेत, हेही विसरता येत नाही. जमीन कोरडवाहू आणि थोडी. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. बॉयलर पेटला की कोयता हातात, गळीत संपेपर्यंत परत येणं नाही. होळी त्यामुळे कित्येकदा साखर कारखान्याच्या तळावर, पालांमध्ये होते. डफ सोबत नेलेला असतो. तिथं लेंगी कोण ऐकतं? शेजारच्या पालात बीडची टोळी, पलीकडं अजून कुठली. परक्या मुलखात रात्री हातपाय ठणकत असताना उभं राहून गाणं, हे या संगीताचं आजचं सर्वांत खरं रूप आहे. आणि इकडं जिल्ह्यात, ज्या शेतांतून ही माणसं निघून गेली तिथंच, कापूस वेचायला आलेलं बारेला कुटुंब शेताच्या कडेच्या झोपडीत आपल्या बोलीत गात असतं. या दोन गाण्यांची एकमेकांशी कधी भेट होत नाही.

परदेशी गेलेल्या मराठी माणसांकडं पाहिलं की आपल्याला उलट बाजू कळते. मॉरिशसला उसाच्या मळ्यांत गेलेल्या कोकणातल्या मजुरांनी झाकरी टिकवली, आणि आज तिथलं सरकार ती देशाच्या वारशात मोजतं, याचा आपल्याला अभिमान वाटतो. बेने इस्रायलांचं उदाहरण तर अजून बोलकं. कोकणात स्थायिक झालेल्या या ज्यू समाजानं १८८० च्या सुमारास बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली. साकी, दिंडी, आर्या आपल्या, आख्यान मोशेचं किंवा योसेफाचं. पुढं त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले आणि तिथंही मराठी गाणं काही काळ जपलं. त्यांनी यजमानांचा आकार घेतला आणि आपला मजकूर त्यात ठेवला, आणि यजमानांनी तो आनंदानं ऐकला. तांड्याचा मजकूर ऐकायला गावानं असं कितीदा आसन मांडलं?

विरुद्ध बाजूचंही बोललं पाहिजे. आवाज जोडतो तसा तोडतोही. १९२० च्या दशकात मध्य प्रांत-वऱ्हाडात मशिदीपुढच्या वाद्यांवरून भांडणं पेटली होती. आजही मिरवणुकीचा मार्ग ठरवताना पोलिसांच्या कपाळाला आठ्या पडतात. डीजेनं हे आणखी बिघडवलं. डफ, टाळ, थाळी, ढोल यांना हात लागतात, आणि हात लागले की शेजारच्याकडं पाहावं लागतं, त्याच्याशी लय जुळवावी लागते. डीजेपुढं फक्त नाचायचं असतं, ठोका यंत्राचा. तांड्यावरची लग्नंही आता डीजेच्या भिंतींपुढं होतात आणि गोरबोलीतली नवी गाणी मोबाइलवर लाखो लोक पाहतात. त्यात चांगलं असं की तरुणांना आपल्या बोलीची लाज वाटेनाशी झाली. वाईट असं की गोल मोडला. लेंगी गोलात उभं राहून म्हणायची असते, स्टेजसमोर नाही.

मग करायचं काय? सरोजिनी बाबरांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीनं खंडामागून खंड काढून मराठी बायकांच्या ओव्या वाचवल्या. तेवढ्याच निष्ठेनं तांड्याच्या, सातपुड्याच्या गाण्यांचं काम व्हायला हवं, आणि ते करताना चाल, हातवारे, गोलाचा आकार, गाणाऱ्याचं नातं हे सगळं टिपलं पाहिजे. नुसते शब्द टिपले तर ढावलोचं रडणं कागदावर कोरडं होतं. पण संग्रह हे अर्धंच काम आहे, आणि माझ्या मते दुसरं अर्धं जास्त महत्त्वाचं. ते शाळेत होऊ शकतं.

तांड्यावर जिल्हा परिषदेची शाळा असते. पहिलीत येणारं मूल घरी गोरबोली बोलतं आणि वर्गात पहिल्या दिवशी मराठी ऐकतं. शिक्षक चांगला असतो तिथं दोन-तीन महिन्यांत मूल रुळतं, नसतो तिथं ते मागच्या बाकावर गप्प बसायला शिकतं. अशा शाळेत आठवड्यातून एक तास तांड्यावरच्या आज्यांनी येऊन तीजेची गाणी म्हणवून घ्यावीत. गावातल्या शाळेतही त्याच आज्यांनी जावं, आणि गावातल्या आज्यांनी तांड्यावर येऊन भुलाबाईची गाणी शिकवावीत. ओस्लोला जे घडवलं गेलं ते यापेक्षा वेगळं नव्हतं, आणि आपल्याकडं तर कलावंत दोन किलोमीटरवर राहतात. कॅलेंडरही मदतीला आहे. तीज श्रावणात संपते, भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते. दोन्ही मुलींच्या आहेत, दोन्हीत फेर धरायचा असतो. मधल्या तीन-चार आठवड्यांत एकमेकींची पाच-पाच गाणी शिकणं मुलींना जड जाणार नाही. त्याला सरकारी योजना लागत नाही. मुख्याध्यापकाची परवानगी, गावचा सरपंच आणि तांड्याचा प्रमुख म्हणजे नाईक यांची संमती, आणि ज्या आज्या शिकवतील त्यांना मानधन एवढं पुरे. मानधनाचा आग्रह मी मुद्दाम धरतो. गुरवाला, कीर्तनकाराला, बॅंडवाल्याला आपण बिदागी देतो, मग तांड्यावरच्या बाईनं आपली विद्या फुकट का द्यावी?

पुढच्या पानांत जी गाणी आणि टिपणं आहेत ती वाचताना वाचकानं शक्य असेल तर ती मोठ्यानं म्हणून पाहावीत. गोरबोलीतली ओळ आधी, मराठी अर्थ नंतर, हा क्रम आम्ही ठेवला आहे. ज्यांना गोरबोली येत नाही त्यांना सुरुवातीला अडखळायला होईल. तांड्यावरचं प्रत्येक मूल पहिलीत असंच अडखळलेलं आहे. ज्या गावांत दोन्ही वस्त्या आहेत, तिथल्या वाचकाला विचारायला शेजारीही मिळेल, आणि उच्चाराची शंका असली तर त्यालाच विचारावी.